रूळ गाडीला ढकलतो

कर्जत स्थानकात पुण्याकडे निघालेली एक्स्प्रेस थांबते तेव्हा फलाटावर वडापाव घेण्याची धांदल चालू असते आणि त्याच वेळी गाडीच्या शेपटाला दोन, कधी तीन इंजिनं येऊन लागतात. रेल्वेत यांना बँकर म्हणतात. लोणावळ्यापर्यंत ती गाडीला मागून रेटत नेतात, तिथे सुटी होतात आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा खाली येतात. नाशिकच्या वाटेवर कसारा ते इगतपुरी हाच प्रकार. गाडीचं पुढचं इंजिन काही लेचंपेचं नसतं. लांब पल्ल्याच्या गाड्यांना सर्रास दिसणाऱ्या डब्ल्यूएपी-७ या इंजिनाची ताकद सहा हजार अश्वशक्तीच्या वर आहे. चोवीस डब्यांची गाडी ते सपाटीवर ताशी ११० किलोमीटरने सहज पळवतं. मग कर्जतच्या पुढच्या पंचवीसेक किलोमीटरांतच त्याला मागून टेकू का लागतो?

चढ आहे म्हणून, हे उत्तर खरं आहे, पण ते अर्ध्यावर थांबतं. बोरघाटातला सर्वांत कडक चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. रस्त्यावर एवढा चढ मोटार चालवणाऱ्याला जेमतेम जाणवतो. रेल्वेला मात्र तो फार मोठा आहे, आणि किती मोठा ते पाहायला साधा भागाकार पुरतो. ३७ ला १ अशा चढावर गाडीच्या वजनाचा सदतिसावा हिस्सा तिला सतत मागे खेचत असतो. एका टनामागे २७ किलो. चोवीस डबे आणि आतले प्रवासी मिळून सुमारे १२०० टन धरले आणि इंजिनाचं स्वतःचं १२३ टन वजन त्यात मिळवलं, तर नुसता उतार गाडीला जवळजवळ ३६ टनांच्या बलाने खाली ओढतो. चाकांचा, बेअरिंगचा आणि हवेचा विरोध टनामागे ३ किलोच्या आसपास धरला तर आणखी ४ टन. एकूण ४०. (शास्त्रात बल न्यूटनमध्ये मोजतात, पण इंजिनाची ओढ टनांत सांगायची रेल्वेतली जुनी सवय सोयीची आहे, तीच इथे ठेवतो.) डब्ल्यूएपी-७ ची जास्तीत जास्त ओढ ३३ टन. हिशेब तिथेच संपला. एकट्या इंजिनाने ही गाडी घाटात नेली तर ती चढणार नाही.

आता खरा प्रश्न. सहा हजार अश्वशक्तीचं इंजिन फक्त ३३ टनच का ओढतं? मोटरी आणखी दणकट बसवल्या तर ५० टन ओढणार नाही का?

नाही ओढणार. त्याचं कारण इंजिनाच्या पोटात नाही, चाकाखाली आहे.

इंजिन डब्यांना ओढतं, हे खरं. पण इंजिनाला कोण ओढतं? न्यूटनचा तिसरा नियम सांगतो की इंजिन कपलिंगमधून डब्यांना जेवढ्या बलाने पुढे खेचतं तेवढ्याच बलाने डबे इंजिनाला मागे खेचतात. शाळेत ‘क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध’ एवढं पाठ झालेल्या मुलाला इथे शंका येते, आणि यायलाच हवी: दोन्ही बलं सारखी असतील तर ती एकमेकांना खाऊन टाकतील, मग गाडी हलते कशी? माझ्या मते हा प्रश्न ज्या वर्गात विचारला जात नाही तिथे तिसरा नियम शिकवलाच गेलेला नाही. उत्तर असं की ती दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर लागतात. डब्यांचं काय होणार हे डब्यांवर लागणारी बलं ठरवतात, इंजिनाचं काय होणार हे इंजिनावर लागणारी. आणि सगळी गाडी एकच वस्तू मानली तर कपलिंगमधली ओढाताण हा तिचा घरातला मामला होतो. त्याने गाडी तसूभरही पुढे जात नाही. डब्यात बसून समोरच्या भिंतीला कितीही जोर लावला तरी गाडी हलत नाही, तसंच. गाडीला गती यायची तर ढकलणारं कोणीतरी गाडीबाहेरचं हवं.

ते बाहेरचं कोण, तर रूळ. मोटर चाक फिरवते, चाक रुळाला मागे ढकलतं, आणि रूळ त्या चाकाला तेवढ्याच बलाने पुढे ढकलतो. इंजिनातली सगळी यंत्रसामग्री, वरच्या तारेतली २५,००० व्होल्टची वीज, सहा मोटरी, हे सगळं रुळाने आपल्याला ढकलावं म्हणून केलेली खटपट आहे. रूळ ढकलतो ते घर्षणाच्या जोरावर, आणि घर्षणाला मर्यादा असते. शेवाळलेल्या फरशीवर माणसाच्या पायात कितीही ताकद असली तरी कपाट सरकवता येत नाही. पोलादी चाकाची पोलादी रुळावर काहीशी तशीच गत असते. कोरड्या, स्वच्छ रुळावर चाकावरच्या वजनाच्या साधारण तीस-पस्तीस टक्क्यांपर्यंत पकड मिळते. १२३ टनांचे तीस टक्के म्हणजे ३७ टन. ३३ हा आकडा त्याच्या जरा अलीकडे मुद्दाम ठेवलेला आहे. त्यापुढे जोर लावला तर चाक जागच्या जागी गरगरतं, आणि गरगरणाऱ्या चाकाची पकड आणखी कमी होते. अशा वेळी अनुभवी लोको पायलट जोर वाढवत नाही, कमी करतो. चाक पुन्हा रूळ धरतं आणि ओढ वाढते.

ही पकड किती जागेत असते ते पाहण्यासारखं आहे. चाक आणि रूळ दोन्ही पोलादी, वजनाने दबतात ते नावापुरते. त्यांचा एकमेकांना स्पर्श होतो तो सुमारे एक चौरस सेंटिमीटरभर. इंजिनाला सहा आस, म्हणजे बारा चाकं. प्रत्येकावर सव्वादहा टन. गाडीत दीड हजार माणसं असोत की त्यांचं सामान असो, त्या सगळ्यांना पुढे नेणारं बल या बारा ठिपक्यांमधून येतं. म्हणून या ठिपक्यांवर काय सांडलंय याला महत्त्व आहे. रुळावरचं तेल, गंज, धूळ यांच्यात थोडासा ओलावा मिसळला की निसरडा थर तयार होतो. धो धो पावसापेक्षा पावसाची पहिली भुरभुर जास्त त्रासदायक, कारण मोठा पाऊस रूळ धुऊन काढतो आणि भुरभुर फक्त चिखल करते. इंजिनाच्या चाकांपुढे एक लहानशी नळी रुळाच्या डोक्यावर रोखलेली दिसते. ती वाळूची. इंजिनात वाळूच्या पेट्या असतात. चाक घसरायला लागलं की दाबाच्या हवेने कोरडी वाळू बरोबर चाकाच्या पुढ्यात फुंकली जाते, चाकाखाली तिचा चुरा होतो आणि पकड परत येते. वाफेच्या इंजिनांच्या काळापासूनची ही युक्ती संगणकाने चालणाऱ्या आजच्या इंजिनांतही तशीच आहे.

बँकर कशासाठी ते आता नीट कळतं. एकट्या इंजिनावर ४० टनांचा भार बारा चाकांत वाटला तर प्रत्येक चाकाला त्याच्यावरच्या वजनाच्या ३३ टक्के पकड लागेल, म्हणजे कोरड्या रुळाची जवळजवळ शेवटची हद्द. तेवढ्याच वजनाची दोन इंजिनं मागे लावली की स्वतःचं वजनही वर न्यावं लागत असल्यामुळे एकूण गरज ४७ टनांच्या आसपास जाते, पण चाकं होतात छत्तीस. प्रत्येकाकडून मागणी १३ टक्क्यांवर येते. पावसात, वळणावर, बोगद्यातल्या ओल्या रुळावरही एवढी पकड बहुतेक वेळा मिळते. बँकर अश्वशक्ती आणतात हे खरंच, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे ती ओढणाऱ्या चाकांवरचं वजन आणतात. आणि ती पुढे न लावता मागे लावण्यातही हिशेब आहे. सगळी इंजिनं पुढे असती तर सगळी ओढ पहिल्या कपलिंगमधून गेली असती. मागून रेटल्यामुळे ती वाटली जाते, आणि चढावर मध्येच एखादं कपलिंग तुटलंच तर सुटलेल्या डब्यांच्या मागे कोणीतरी उभं असतं.

३७ ला १ हा चढ कोणी हौसेने निवडला नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने १८५० च्या दशकात सह्याद्री पालथा घातला तो कमीत कमी चढाची वाट शोधायला. सुमारे पंचवीस किलोमीटरांत जवळपास ५५८ मीटर वर जायचं होतं. हा चढ सगळीकडे सारखा विभागला तरी तो ४५ ला १ च्या जवळ येतो. डोंगर तेवढाही सारखेपणा देत नाही. शेवटी एके ठिकाणी गाडी उलट दिशेने काढण्याचं स्थानक बांधावं लागलं. तिथे गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी इंग्रजी व्ही अक्षरासारखं वळण घेऊन पुढचा चढ धरायची. १८६३ साली हा मार्ग खुला झाला. बर्कली तो पाहायला उरला नव्हता, त्याआधीच्या वर्षी तो वारला. कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्येच हिंदुस्थानात आल्या आल्या मरण पावला होता, आणि त्याच्या मागे त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सांभाळून काम तडीस नेलं. ते बोगदे आणि पूल बांधताना साथींनी आणि अपघातांनी हजारो मजूर मेले, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. उलट दिशेने गाडी काढण्याचं ते स्थानक १९२९ पर्यंत वापरात होतं.

घाटातून सपाटीवर आलं की चित्र पार बदलतं. चढावर टनामागे २७ किलो आणि विरोधाचे ३, असे ३० लागत होते. सपाटीवर फक्त ३. एक टन वजन सरकत ठेवायला तीन किलोचं बल! पोलादी रुळावरच्या पोलादी चाकाची हीच तर करामत आहे. जो गुळगुळीतपणा चढावर वैरी होता तोच इथे मित्र होतो. मुंबईच्या लोकलमध्ये कान देऊन ऐकलं तर दोन स्थानकांच्या मध्ये मोटरींचा आवाज अचानक थांबतो. मोटरमनने वीज बंद केलेली असते आणि गाडी नुसतीच धावत असते. ताशी ७२ किलोमीटरने धावणारी गाडी अशी सोडली तर सपाटीवर एक किलोमीटर गेल्यावरही तिचा वेग ६६ च्या आसपास असतो.

माणसाला हे पटायला दोन हजार वर्षं लागली. वस्तू हलती ठेवायची तर तिला सतत ढकलायला हवं, ही ॲरिस्टॉटलची समजूत. बैलगाडी, नांगर, पाट्यावरचा वरवंटा, रोजच्या व्यवहारातलं सगळं तिलाच दुजोरा देतं, म्हणून ती इतकी टिकली. गॅलिलिओने उतरत्या फळ्यांवरून गोळे सोडून पाहिले. एका उतारावरून सुटलेला गोळा समोरच्या चढावर जवळजवळ सुटला त्याच उंचीपर्यंत चढतो. समोरचा चढ कमी केला तर तीच उंची गाठायला तो आणखी लांब जातो. मग चढ शून्यच केला तर? तर तो थांबायचं कारणच उरत नाही. १६३८ मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकातला हा विचार न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त पहिला नियम म्हणून मांडला. बल लागतं ते गती टिकवायला नाही, गती बदलायला. सपाटीवर ते तीन किलो लागतात तेही गतीसाठी नाहीत. हवा आणि बेअरिंग जी गती काढून घेतात ती भरून काढण्यासाठी लागतात.

न्यूटनचा दुसरा नियम आपण बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण असा शिकतो. त्याने स्वतः तो तसा लिहिला नव्हता. त्याने विचार केला होता ‘गतीच्या परिमाणाचा’, वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराचा. त्यालाच आपण संवेग म्हणतो. बल संवेग बदलतं, आणि किती बदलतं ते दोन गोष्टींवर ठरतं: बल किती आणि ते किती वेळ लावलं. मला ही मांडणी जास्त उपयोगाची वाटते, कारण तिच्यात वेळ उघडपणे येतो. आपली १३२३ टनांची गाडी सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटरने धावत असेल तेव्हा तिचा संवेग सुमारे ४ कोटी किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद असतो. हा संवेग रुळाने थोडा थोडा करून दिलेला असतो. आणि रुळाने गाडीला पुढे ढकललं तेव्हा गाडीने रुळाला, पर्यायाने रूळ जिला घट्ट बसवलेत त्या पृथ्वीला, मागे ढकललेलं असतं. पृथ्वीलाही तेवढाच संवेग उलट दिशेने मिळतो. तिचं वस्तुमान इतकं अफाट आहे की त्यातून येणाऱ्या वेगाने ती वर्षभर सरकली तरी एक-दोन अणूंच्या रुंदीएवढंच अंतर जाईल. पण हिशेब शून्याला शून्य जुळतो. एकूण संवेग ना वाढतो ना घटतो. गाडी थांबते तेव्हा पृथ्वी आपलं सगळं परत घेते.

बल आणि वेळ यांचा हा व्यवहार प्रवाशाला अंगावर जाणवतो तो गाडी सुटताना. नव्या लाल एलएचबी डब्यांतून प्रवास करणाऱ्यांना सुटताना आणि थांबताना बसणारे हिसके ठाऊक असतील. या डब्यांच्या जोडणीत थोडी ढिलाई असते. पुढचा डबा आधी हलतो, ढिलाई संपेपर्यंत वेग घेतो, आणि मग मागचा उभा डबा त्याला एकदम येऊन लटकतो. पुढच्याकडचा संवेग मागच्याला द्यायला जर दोन सेकंद मिळाले असते तर कोणाला कळलंही नसतं. तो व्यवहार सेकंदाच्या लहानशा भागात उरकतो, म्हणून बल मोठं होतं आणि वरच्या बर्थवरची पाण्याची बाटली खाली येते. मालगाडीत हीच ढिलाई मदतीला येते. पन्नासहून अधिक वाघिणी एकदम हलवायच्या तर सुरुवातीचा विरोध फार मोठा. एकामागून एक हलवल्या की इंजिनाला तो हप्त्याहप्त्याने भेटतो. यार्डाजवळ राहणाऱ्यांनी मालगाडी सुटताना पुढून मागे पळत जाणारा खडखडाट ऐकलेला असतो, तो हाच.

आता थांबण्याकडे येतो. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे भौतिकशास्त्र न समजण्याची किंमत माणसं जिवाने मोजतात.

गाडी थांबवायची म्हणजे तिचा संवेग काढून घ्यायचा. तोही रूळच घेतो, चाकाखालच्या त्याच ठिपक्यांमधून. ब्रेक फक्त चाकाचं फिरणं अडवतो. गाडीला मागे ढकलणारं बल रुळाचं असतं. ब्रेक इतका जोरात लावला की चाक फिरायचंच थांबलं, तर ते रुळावर घसटत जातं, पकड आणखी कमी होते आणि चाकाची गोलाई एका बाजूने झिजून सपाट होते. त्यानंतर त्या डब्याखालून दर फेऱ्याला ठक ठक असा आवाज येतो. म्हणून ब्रेकचा जोर ओल्या रुळाची पकड धरून ठरवावा लागतो, आणि ती वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास उतरू शकते. दहा टक्के म्हणजे दर सेकंदाला एक मीटर प्रति सेकंद एवढाच वेग उतरवता येतो. दुसरी मर्यादा उभ्या प्रवाशांची. त्या दहा टक्क्यांतही लोकलमध्ये उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या तळपायाला त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं बल मागे खेचतं, तर वरचं शरीर आधीच्या वेगाने पुढेच जाऊ पाहतं. दांडी धरलेला सावरतो, न धरलेला पुढच्याच्या पाठीवर पडतो. चालत्या गाडीतून उतरणारा तोंडावर आपटतो तोही याच कारणाने: पाय फलाटाने थांबवले, धड कोणी थांबवलेलं नाही.

ताशी ८० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २२ मीटरने येणारी लोकल दर सेकंदाला एक मीटर वेग उतरवत गेली तर थांबायला २२ सेकंद आणि २४२ मीटर लागतात. बारा डब्यांच्या लोकलची लांबी जवळजवळ तेवढीच असते. ताशी ४० ने येत असती तर ११ सेकंद लागले असते, वेळ निम्मा. पण अंतर मात्र ६० मीटर, म्हणजे पाव. हे पाव कुठून आलं? सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातले विद्वान याच प्रश्नावर भांडत होते: गतीचं खरं माप कोणतं, वेगाच्या पटीत वाढणारं की वेगाच्या वर्गाच्या पटीत? हॉलंडमध्ये स्ग्रावेसांड याने पितळी गोळे मऊ मातीत सोडून पाहिले. दुप्पट वेगाने आपटलेला गोळा चौपट खोल रुतत होता. एमिली द्यू शातले या फ्रेंच विदुषीने त्या प्रयोगांचा अर्थ लावून वर्गाची बाजू मांडली. ‘प्रिन्सिपिया’चा फ्रेंच अनुवाद करणारीही तीच. आज आपल्याला माहीत आहे की दोन्ही पक्षांकडे खरं होतं. थांबायला वेळ किती लागेल ते संवेग सांगतो, अंतर किती लागेल ते गतिज ऊर्जा सांगते. आणि रुळावर उभ्या असलेल्या माणसाचा संबंध अंतराशी असतो.

त्याचा एक परिणाम आकडेमोड करूनही माझ्या अंगावर येतो. ८० च्या वेगाने येणाऱ्या लोकलच्या मोटरमनला शंभर मीटरवर रूळ ओलांडणारा माणूस दिसला आणि त्याने त्याच क्षणी ब्रेक लावला. त्या माणसापर्यंत पोचताना गाडीचा वेग किती उतरला असेल? निम्मा तरी? नाही. गाडी अजून ताशी ६० ने चाललेली असते. वेग उतरतो तो बराचसा शेवटच्या थोड्या अंतरात, कारण सुरुवातीचे मीटर गाडी फार वेगाने संपवते. ‘मोटरमनने ब्रेक का नाही मारला’ असं फलाटावरची माणसं प्रत्येक अपघातानंतर म्हणतात. त्याने मारलेला असतो. मुंबईत दर वर्षी शेकडो माणसं रूळ ओलांडताना जातात, आणि त्यांतल्या कित्येकांनी गाडी पाहिलेली असते. तिला थांबायला किती अंतर लागतं, एवढंच त्यांच्या अंदाजात बसलेलं नसतं.

घाट उतरताना हे सगळं एकत्र येतं. आपली गाडी लोणावळ्याहून निघाली आणि ३७ ला १ च्या उतारावर कोणीच ब्रेक लावला नाही असं धरा. टनामागे २७ किलो पुढे, ३ किलो मागे. दीड मिनिटात आणि एका किलोमीटरात ती शून्यापासून ताशी ७८ वर जाईल, आणि पुढचा सगळा घाट बाकी असेल. तिला एकाच वेगाने खाली आणायला ३२ टनांचं बल मागे लावत राहावं लागतं. हा आकडा चढतानाच्या ४० पेक्षा फार कमी नाही, पण एक मोठा फरक आहे. चढताना बल मिळतं ते फक्त इंजिनाच्या चाकांखाली. ब्रेक मात्र प्रत्येक डब्याला असतात. चोवीस डब्यांची १९२ चाकं आणि इंजिनाची १२, मिळून २०४. प्रत्येकाच्या वाट्याला दीडशे किलोच्या आसपास. डब्याच्या चाकावर सहा टनांहून जास्त वजन असतं, त्याच्या मानाने हे अडीच टक्के. भर पावसातही एवढी पकड सुटत नाही.

उतारावरची भीती घसरण्याची नसते, तापण्याची असते. ५५८ मीटर खाली येताना ही गाडी २००० युनिट विजेइतकी ऊर्जा सोडते. सपाटीवर १०८ च्या वेगाने धावताना तिच्याजवळ असलेल्या गतिज ऊर्जेच्या ही बारापट आहे. ती सगळी ब्रेकच्या घासण्यातून जायची म्हटली तर तेवढी उष्णता चाकं आणि ब्रेक यांनाच सोसावी लागते. जुन्या डब्यांची गाडी घाट उतरून कर्जतला थांबली की चाकांपाशी जळका वास येतो, तो तिचाच. तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते, म्हणून वेग फार कमी ठेवायचा, म्हणजे तीच उष्णता जास्त वेळात बाहेर पडते. एक्स्प्रेसवेच्या घाटात डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये टाकणारे चालक नेमकं उलट करतात. इंजिनाने जो रोध केला असता तो काढून टाकतात आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर देतात.

नव्या विद्युत इंजिनांना यावर चांगला उपाय सापडला आहे. उतारावर त्यांच्या मोटरी जनित्रासारख्या चालतात. गाडी चाकं फिरवते, चाकं मोटरी फिरवतात, आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जाते. त्याच वेळी खालून एखादी गाडी चढत असेल तर ती हीच वीज वापरते. नसेल तर वीज उपकेंद्रातून मागे मोठ्या जाळ्यात जाते. इंजिनाच्या बारा चाकांना जेवढा रोध झेपतो तेवढा ती घेतात, उरलेला डब्यांचे ब्रेक.

ब्रेकची रचनाही घाटाचा विचार करूनच केल्यासारखी आहे. गाडीभर एक हवेची नळी असते, तिच्यात चौरस सेंटिमीटरला पाच किलो दाब भरलेला. हा दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले राहतात. दाब उतरला की ते लागतात. गाडी मध्येच तुटली तर नळीही तुटते आणि दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. लांब मालगाडीत दाब उतरल्याची खबर शेवटच्या वाघिणीपर्यंत पोचायला काही सेकंद जातात, तेवढ्यात मागच्या वाघिणी पुढच्यांवर रेटतात, म्हणून घाटात मालगाडी उतरवणं हे वेगळंच कसब आहे.

आणि इतकं करूनही गाडी हाताबाहेर गेलीच, तर कॅच सायडिंग आहे. घाटात ठरावीक ठिकाणी मुख्य मार्गापासून एक फाटा फुटून डोंगराच्या दिशेने वर चढतो आणि वाळूत संपतो. ७८ च्या वेगाने आलेल्या गाडीचा सगळा वेग नुसत्या चढाने काढून घ्यायचा तर तिला २४ मीटर उंच चढू द्यावं लागेल. वाळू त्यातला बराच भाग स्वतःवर घेते आणि फाटा आखूड ठेवता येतो. या फाट्याचे सांधे एरवी मुख्य मार्गाकडे वळवलेले नसतात. ते सायडिंगकडेच असतात, आणि उतरणारी गाडी काबूत आहे याची खात्री पटल्यावरच तिच्यासाठी मुख्य मार्ग जोडला जातो.